१९७१ ला आपण युद्धात उतरलो ते बरोबर होतं का? ३ डिसेंबर बाजूला ठेवा, मग बोलू

प्रश्न असा आलाय: "१९७१ मध्ये भारतानं युद्धात उतरणं नैतिकदृष्ट्या योग्य होतं का, का आपण नुसती पाकिस्तान तोडायची संधी साधली? मित्राशी वाद झाला. मी म्हणालो ३ डिसेंबरला पाकिस्ताननं आधी बॉम्ब टाकले, विषय संपला. तो म्हणाला ते सगळं सांगण्यापुरतं, आपली आर्मी आधीच आत घुसली होती."

मी पंचवीसेक वर्षं आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतोय, त्यात युद्धाचा कायदा हा माझा मुख्य विषय, आणि हा वाद जवळपास दर वर्षी वर्गात होतोच. निकाल तुमच्या बाजूनं देतो, पण तुमचा मुद्दा खोडून. मित्राची माहिती बरोबर आहे.

वर्गात मी एक करतो. एका मुलाच्या हातात खडू देतो आणि म्हणतो, बोर्डवर युद्ध सुरू झालं ती तारीख लिही. आजपर्यंत एकानंही ३ डिसेंबर सोडून दुसरी तारीख लिहिलेली नाही. मग मी त्याच्या डावीकडे २१ नोव्हेंबर लिहितो. २०-२१ नोव्हेंबरच्या रात्री १४ पंजाब ही बटालियन आपले पीटी-७६ रणगाडे घेऊन सीमेपलीकडे, पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात), गरीबपूरला जाऊन बसलेली होती, जेसोरच्या वाटेवर, दाट धुकं होतं, आणि सकाळी पाकिस्तानचे चॅफी रणगाडे अंगावर आले ते तिथेच फोडले गेले. दुसऱ्या दिवशी जवळच बोयऱ्यावर आपल्या नॅट विमानांनी पाकिस्तानची सेबर विमानं पाडली, दोन पाकिस्तानी पायलट आपल्या हाती लागले. (त्यातला एक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचा प्रमुख झाला.) २३ नोव्हेंबरला पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खाननं आणीबाणी जाहीर केली. म्हणजे ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर, आग्रा वगैरे विमानतळांवर बॉम्ब पडले तेव्हा पूर्वेला लढाई जवळपास दोन आठवडे चालू होती, आणि त्याच्याही डावीकडे अजून तारखा लिहाव्या लागतात, कारण मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे पाकिस्तानशी लढणाऱ्या बंगाली बंडखोरांच्या, पोरांना आपण आपल्या हद्दीत कॅम्प लावून महिनोन्महिने ट्रेनिंग आणि हत्यारं देत होतो.

म्हणून "त्यांनी आधी मारलं" याच्यावर आपली बाजू टेकवू नका. पश्चिम सीमेपुरतं ते खरं आहे, पण पूर्वेला जायचा निर्णय आपण स्वतःहून, डोळे उघडे ठेवून, काही महिने आधी घेतलेला होता. याह्यानं त्या संध्याकाळी विमानं पाठवून आपलं काम सोपं केलं एवढंच. समजा विमानं पाठवलीच नसती तर? तरीही आपण बरोबर होतो का, हे आधी ठरवा.

माझं उत्तर हो. का, ते जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, तिकडे काय चाललं होतं. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या अवामी लीगला ३१३ पैकी १६७ जागा, स्वच्छ बहुमत. पंतप्रधान तिचे नेते शेख मुजीब व्हायला हवे होते. ते नको म्हणून असेंब्लीच पुढे ढकलली, आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री आर्मीनं ढाक्यात ऑपरेशन सर्चलाइट ही बंगाल्यांवरची कारवाई सुरू केली. युनिव्हर्सिटीचा जगन्नाथ हॉल, म्हणजे हिंदू मुलांचं होस्टेल, राजारबागच्या पोलीस लाइन्स, जुन्या ढाक्यातले मोहल्ले. किती माणसं मेली यावर अजून भांडण आहे, बांगलादेश ३० लाख म्हणतो, पाकिस्तानच्या हमुदुर रहमान कमिशननं २६ हजार धरले, बाहेरचे अभ्यासक बहुतेक लाखांत बोलतात. मी आकड्याच्या भांडणात पडत नाही, कारण ढाक्यातल्या अमेरिकन कॉन्सुलेटमधून आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ एप्रिललाच स्वतःच्या सरकारविरुद्ध तार केली होती, आणि जूनमध्ये अँथनी मॅस्करेन्हस या कराचीतल्या पत्रकारानं स्वतः पाहिलेलं लंडनच्या पेपरात छापलं, त्याआधी बायकापोरांना देशाबाहेर काढून. अमेरिका पाकिस्तानच्या बाजूची, मॅस्करेन्हस पाकिस्तानी आर्मीनंच नेलेला. यातला एकही भारताचा प्रचारक नव्हता.

पण दुसऱ्या देशात अत्याचार चाललाय एवढ्यावरून सैन्य घुसवायचं म्हटलं तर जगात रोज कुणी ना कुणी कुणाच्या तरी घरात घुसेल. यूएनच्या चार्टरमध्ये मुद्दामच तशी सोय नाहीये. मग भारताचा काय संबंध? संबंध सीमेवरून चालत आला, डोक्यावर गाठोडी घेऊन. वर्षअखेरपर्यंत जवळपास १ कोटी माणसं. हा आकडा एवढ्या वेळा ऐकलेला असतो की कानावरून जातो, त्यामुळे मी त्रिपुराचं सांगतो: १९७१ च्या जनगणनेत त्रिपुराची लोकसंख्या १५ लाख ५६ हजार, आणि तिथे आलेले निर्वासित सुमारे १४ लाख. घरात जेवढी माणसं जवळपास तेवढेच पाहुणे, आणि परत कधी जाणार ते कुणालाच ठाऊक नाही.

आणि बनगाव, पश्चिम बंगालमधलं सीमेजवळचं गाव. उन्हाळ्यात कॅम्पांमध्ये कॉलरा पसरला. बनगावच्या हॉस्पिटलात खाटा संपल्या, पेशंट जमिनीवर, फरशीवर उलटी आणि जुलाब यांचा चिखल झालेला, त्यात गुडघे टेकून सलाइन लावायचं, आणि सलाइनही संपत आलेलं. तिथे डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ठरवलं की आता सुई नाही, तोंडानं पाजायचं. कलकत्त्यात मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाकिटं भरली, ती आणून ड्रममधल्या पाण्यात कालवली, आणि नातेवाइकांच्याच हातात पेला देऊन सांगितलं, पाजत राहा. जिथे १०० तले ३० मरत होते तिथे प्रमाण ४ च्या खाली आलं. आज आपण मुलाला जुलाब झाले की ओआरएसचं पाकीट फोडतो, त्याची मोठ्या प्रमाणावरची पहिली परीक्षा ही. हे विषय सोडून वाटेल, पण मला इथे एकच दाखवायचंय, की "निर्वासितांचा बोजा" हा शब्द आपण जो सहज वापरतो तो प्रत्यक्षात असा होता, आणि तो बोजा ज्यानं टाकला त्याचा टाकणं थांबवायचा काही विचार नव्हता.

माझ्या वडिलांच्या जुन्या पत्रांत पाच पैशांचं एक जादा तिकीट चिकटवलेलं दिसतं, कुटुंब नियोजनाच्या तिकिटावर रेफ्यूजी रिलीफ असं छापून काढलेलं. १५ नोव्हेंबर १९७१ पासून ते सक्तीचं होतं. बनगाव कुठे आहे हे ज्याला नकाशात दाखवता आलं नसतं तोही पत्रामागे पाच पैसे भरत होता.

आता सरकारची कायदेशीर बाजू. इंदिरा गांधी २४ मेला लोकसभेत म्हणाल्या होत्या त्याचा मथितार्थ असा, की जी पाकिस्तानची अंतर्गत बाब म्हणून सांगितली जातेय ती आता आमचीही अंतर्गत बाब झालीय. पुढे यूएनमध्ये आपले प्रतिनिधी समर सेन यांनी हेच "निर्वासितांचं आक्रमण" अशा शब्दांत मांडलं. वकील म्हणून सांगायचं तर हा युक्तिवाद कच्चा आहे. चार्टरचं कलम ५१ सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षणाचा हक्क देतं, आणि गाठोडं घेऊन आलेली म्हातारी म्हणजे सशस्त्र हल्ला हे कुठलंही कोर्ट सहजी मान्य करणार नाही. ७ डिसेंबरला जनरल असेंब्लीत युद्धबंदी करा आणि सैन्य मागे घ्या असा ठराव आला, १०४ बाजूनं, ११ विरोधात, १० तटस्थ. त्या ११ मध्ये आपण, भूतान, सोव्हिएत युनियन आणि त्याचे मित्रदेश. अलिप्ततावादी चळवळीतले आपले बरेचसे दोस्त पलीकडे. तेव्हा जगानं आपल्याला मान्यता दिली वगैरे जे व्हॉट्सअॅपवर फिरतं ते साफ खोटं आहे, १०४ देशांनी थांबा म्हटलं आणि आपण थांबलो नाही.

तरीही मी बरोबर म्हणतो, कारण थांबून काय होणार होतं ते कुणीच सांगत नव्हतं. ठरावात युद्धबंदी होती. १ कोटी माणसं परत कशी जाणार याचं धड उत्तर त्यात नव्हतं. न्याय्य युद्धाच्या सगळ्या कसोट्यांमध्ये मला "शेवटचा उपाय" ही सगळ्यात कडक वाटते, आणि ती आपल्याला पुस्तकातून शिकावी लागत नाही, कृष्ण शिष्टाई करायला गेला आणि पाच गावांवर आला तेव्हाच ती आपण शिकलोय. दुर्योधन सुईच्या टोकाएवढीही जमीन देणार नाही म्हणाला, मग पुढचं. १९७१ मध्ये पाच गावं म्हणजे काय होतं? मुजीबना सोडा आणि निवडून आलेल्यांशी बोला, एवढंच. याह्यानं काय केलं? ऑगस्टमध्ये ल्यालपूरला मुजीबवर गुप्त लष्करी खटला सुरू केला. सप्टेंबरमध्ये सर्वसाधारण माफी जाहीर केली, मुलकी गव्हर्नर नेमला, परत येणाऱ्यांसाठी स्वागत केंद्रं त्याआधीच उघडलेली होती, आणि अवामी लीगच्या कित्येक निवडून आलेल्या सदस्यांच्या जागा रिकाम्या ठरवून पोटनिवडणुका लावल्या. स्वागत केंद्रांवर कोण जाणार? निर्वासितांत बहुसंख्य हिंदू होते (आपलं सरकार हे तेव्हा मुद्दाम मोठ्यानं बोलत नव्हतं, इथे दंगली पेटू नयेत म्हणून), आणि त्यांना ज्यांनी हाकललं तेच युनिफॉर्म घालून स्वागताला उभे.

इंदिरा गांधी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये युरोप-अमेरिकेला जाऊन आल्या, त्याआधी जयप्रकाशजी कितीतरी देश फिरून आले. निक्सनला चीनशी दोस्ती करायची होती आणि मधला दुवा याह्या, किसिंजर जुलैमध्ये पाकिस्तानातूनच गुपचूप पेकिंगला गेला होता. म्हणजे ज्याच्या शब्दाला याह्यानं मान दिला असता तोच शब्द टाकायला तयार नव्हता. यानंतर कुठला उपाय शिल्लक होता ते तुमच्या मित्राला विचारा. मी बऱ्याच जणांना विचारलंय. "अजून थोडी वाट बघायची" यापलीकडे उत्तर येत नाही, आणि वाट बघायची किंमत कॅम्पातली माणसं भरत होती, आपण नाही.

आता "संधी साधली" हा मुद्दा. साधलीच. संरक्षण अभ्यासक के. सुब्रह्मण्यम मार्चअखेरीसच एका चर्चासत्रात जाहीरपणे म्हणाले होते की अशी संधी पुन्हा येणार नाही. दिल्लीत सगळेच काही करुणेनं रडत नव्हते, पूर्वेची एक डोकेदुखी कायमची जाईल हा हिशोब होताच, ते नाकारणं बालिशपणा आहे. समर सेन यूएनमध्ये आमचे हेतू अत्यंत शुद्ध आहेत असं म्हणाले तेव्हा समोरच्यांना हसू आलं असेल. पण मला सांगा, शुद्ध हेतूनं लढलेलं एक तरी युद्ध दाखवता येईल? शेजारचं घर जळतंय, ठिणग्या माझ्या छपरावर पडताहेत आणि शेजाऱ्याशी माझं जुनं वैर आहे, मी दार तोडून पोरं बाहेर काढली. मला आतून थोडा आनंदही झाला असेल, म्हणून पोरं काढणं चूक ठरत नाही. फक्त एक बघायचं, आग विझल्यावर मी त्या घरात मुक्काम ठोकला का.

नाही ठोकला, आणि याच्यावर माझा सगळ्यात जास्त भर असतो. १६ डिसेंबरला ढाक्यात रमणा रेसकोर्सवर पाकिस्तानच्या जनरल नियाझीनं आपल्या जनरल अरोरांसमोर शरणागतीवर सही केली, दुसऱ्या दिवशी पश्चिमेला आपण एकतर्फी युद्धबंदी केली, जिथे हात साफ करायला भरपूर वाव होता. १२ मार्च १९७२ ला ढाक्यात आपल्या सैन्याची निरोपाची परेड झाली. तीन महिने सुद्धा नाही. व्हिएतनामनं १९७९ च्या जानेवारीत पोल पॉटला हाकललं, जगावर उपकारच, पण पुढे दहा वर्षं कंबोडियात बसले. टांझानियानं ईदी अमीनला काढलं आणि सैन्य युगांडात १९८१ पर्यंत राहिलं. आणि निर्वासित? १९७२ च्या वसंतापर्यंत बहुतेक सगळे परत गेले. ज्या कारणासाठी युद्ध केलं म्हणून सांगितलं तेच काम झालं आणि झाल्यावर आपण निघालो.

माणेकशॉंची एप्रिलमधली गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, लगेच जा म्हटलं तर ते नाही म्हणाले, पावसाळ्यात नद्या समुद्र होतात, हिमालयातल्या खिंडी बर्फानं बंद झाल्या की चीनची काळजी नाही, वगैरे. गोष्ट नेमकी तशीच घडली का यावर इतिहासकारांत मतं आहेत, पण थांबलो हे खरं. आपण ती गोष्ट कौतुकानं सांगतो, मीही सांगायचो. मग एका वर्षी एक मुलगी म्हणाली, सर, जर कारण माणसं वाचवणं हे होतं तर त्या आठ महिन्यांत मेलेल्यांचं काय. मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. आज मी असं म्हणतो, की अर्धवट तयारीनं जाऊन मार खाल्ला असता तर त्या माणसांचे हाल अजून वाईट झाले असते, जिंकण्याची वाजवी शक्यता हीसुद्धा एक नैतिक कसोटी आहे. पण म्हणून ते आठ महिने फुकट मिळाले असं नाही, १४ डिसेंबरला, शरणागतीच्या दोनच दिवस आधी, ढाक्यातले प्रोफेसर, डॉक्टर, पत्रकार घरातून उचलून मारले गेले. वेळ काढला त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना नावं आहेत.

आणि जिथे आपली बाजू खरंच लंगडी पडते ती जागा तुमच्या मित्राला अजून सापडलेली दिसत नाही, म्हणून मीच सांगतो. शरणागतीच्या त्या कागदात एक वाक्य आहे, की परदेशी नागरिक, वांशिक अल्पसंख्याक आणि पश्चिम पाकिस्तानी लोक यांना अरोरा आपल्या सैन्यामार्फत संरक्षण देतील. अल्पसंख्याक म्हणजे मुख्यतः उर्दू बोलणारे बिहारी. त्यांच्यातल्या काहींनी पाकिस्तानी आर्मीला साथ दिली होती, आणि त्यांच्यावरही मार्चपासूनच बंगाली जमावांचे हल्ले झालेले होते. सही होऊन दोनच दिवस झाले, १८ डिसेंबरला, ढाक्यातच पलटण मैदानावर मुक्तिवाहिनीतल्या कादेर सिद्दिकीच्या लोकांनी हात बांधलेल्या कैद्यांना भर गर्दीत संगिनी खुपसून मारलं, परदेशी फोटोग्राफर समोर उभे असताना. त्या फोटोंना पुढे पुलित्झर मिळालं. आपण दिलेल्या शब्दाखाली, आपलं सैन्य शहरात असताना. आपल्या सैन्यानं अनेक ठिकाणी बिहारी वस्त्यांभोवती पहारे दिले हेही खरं, पण निघताना त्यांचं काय करायचं हे कुणी ठरवलं नाही, ढाक्याच्या मोहम्मदपूरमधल्या जिनिव्हा कॅम्पमध्ये त्यांची पुढची पिढी अजून राहते. लवकर निघालो याचं मी वर कौतुक केलं, त्याची ही दुसरी बाजू.

दुसरं, १९५. सुमारे ९३ हजार युद्धकैदी आपल्याकडे होते, त्यातल्या १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे असं बांगलादेशचं म्हणणं होतं. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांचा करार झाला आणि ते १९५ ही परत गेले, एकावरही खटला नाही. कारणं होती, पाकिस्तानात अडकलेले लाखो बंगाली सोडवायचे होते, मान्यता हवी होती, उपखंडात शांतता हवी होती. राजकारण म्हणून मला ते समजतं. पण ज्या अत्याचारांमुळे आपण सीमा ओलांडली, आणि ज्यांच्या जोरावर मी एवढं लांबलचक समर्थन केलं, त्यांचा हिशोब मांडायची वेळ आली तेव्हा माणसं आपल्या ताब्यात होती आणि आपण त्यांना वाघ्यावरून परत पाठवलं.

तेव्हा पुढच्या वेळी मित्र गरीबपूर म्हणाला की हो म्हणा, तारीखही सांगा, आणि मग त्याला याह्याच्या स्वागत केंद्रांबद्दल विचारा. आणि तो १९५ म्हणाला, तर तिथे वाद घालू नका.